उनाकाठी थांबलेली गाडी

येर्को लेशिचचं घर लास्तोवो बेटावर. घराला खिडक्या तीन आणि तिन्हींतून समुद्र. डोंगराच्या अंगाला एक खिडकी काढू या, असं गवंड्यानं सुचवलं होतं, तेव्हा येर्कोचा बाप म्हणाला, "डोंगराकडे बघून कुणाचं पोट भरलंय?" पुढे हाच बाप एका फेब्रुवारीत दक्षिणेचा वारा उठला त्यात होडीसकट गेला. घरात राहिली आई आणि येर्को. पोरानं मुकाट दुसरी होडी डागडुजी करून पाण्यात घातली, जाळं ओढायला लागला आणि मिसरूड फुटायच्या आत घरचा कर्ता झाला.

बोलण्यात मात्र तो पहिल्यापासून आखडता. एखादी गोष्ट त्याच्या पोटातून ओठांपर्यंत यायची म्हणजे मधे एक भरती-ओहोटी होऊन जायची.

शेजारच्या निक्शाकाकांची दिन्का त्याच्या बरोबर उलटी. ती सकाळी धक्क्यावर मासे निवडायला यायची ती बोलतच यायची आणि टोपली डोक्यावर घेऊन परत जाताना बोलतच जायची. येर्को जाळ्यातून तारली सोडवत ऐकत राहायचा. एखाद्या दिवशी ती आली नाही तर धक्का त्याला ओसाड वाटायचा. या दोघांचं पुढे काय होणार हे गावाला ठाऊक होतं, येर्कोच्या आईला ठाऊक होतं, निक्शाकाकांनाही ठाऊक असावं. फक्त ते अजून कुणी बोललं नव्हतं, आणि ज्यानं बोलायचं तो येर्को.

निक्शाकाकांचा धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात होता, फ्रीमँटल बंदरात, मासेमारीच्या मोठ्या बोटींवर. दर नाताळाला त्याचा निरोप यायचा, सगळे इकडे या म्हणून. काकांनी तिकडच्या परवान्याच्या कागदांसाठी अर्ज करून ठेवला होता. पण कागदांचं काय, ते वर्षानुवर्षं येत नाहीत, असं सगळेच म्हणायचे.

एकोणीस वर्षं पूर्ण झाली तसं येर्कोला लष्कराचं बोलावणं आलं. ते प्रत्येकालाच येई; त्यात रडण्यासारखं काही नसे. उलट बेटावर रीतच होती, पोरगा निघाला की आदल्या दिवशी अंगणात मेजवानी, गाणी, घरची लाल वाईन. बोटीच्या वेळी धक्क्यावर सगळी माणसं आईभोवती जमली होती आणि दिन्का जरा बाजूला दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसली होती. येर्को तिच्यापाशी गेला.

"बिहाच म्हणजे कुठं रे आलं?" तिनं विचारलं.

"बोस्नियात."

"समुद्र आहे?"

"नदी आहे म्हणे. उना."

"नदी म्हणजे गोडं पाणी. त्यात तू काय करणार?"

"पिणार."

ती हसली. बोटीनं भोंगा दिला. दिन्का उभी राहिली आणि एकदम गंभीर होऊन म्हणाली, "काही सांगायचंय का तुला?"

"आईकडे लक्ष असू दे."

"ते असेलच. आणखी?"

"आणखी..." येर्कोनं बोटीकडे बघितलं, शिडी वर घ्यायला लागले होते. "आल्यावर बोलू."

*

लष्कराची रीत अशी की दक्षिणेचा पोरगा उत्तरेला धाडायचा आणि पूर्वेचा पश्चिमेला, म्हणजे घरी पळून जायचा मोह नको. येर्कोचं बेट, बोस्निया, मॅसिडोनिया, सगळं तेव्हा एकाच देशात होतं, आणि येर्कोच्या बराकीत त्या सगळ्या देशाची पोरं कोंबली होती. त्याच्या शेजारची खाट इल्चोची. हा मॅसिडोनियातल्या प्रिलेपजवळचा, तंबाखूच्या शेतकऱ्याचा मुलगा. बुटका, रुंद, आणि तोंडाची टकळी कधी बंद नाही. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यानं येर्कोचं बारसं केलं.

"ए मासोळ्या, झोपताना डोकं तिकडे का करतोस रे? सगळे पाय तिकडे करतात."

"तिकडे समुद्र आहे."

"किती लांब?"

"आहे लांब."

"मग डोकं काय, पाय काय! त्याला काय कळतंय?"

पण दुसऱ्या दिवशी खाटांची तपासणी झाली, हवालदारानं येर्कोची उशी उलटी का म्हणून विचारलं, तेव्हा इल्चोच पुढं होऊन म्हणाला, "कॉम्रेड हवालदार, मला रात्री खोकला असतो, त्याच्या तोंडावर नको म्हणून." हवालदारानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पुढं गेला.

हा हवालदार वुकोटा माँटेनिग्रोचा. ताडमाड उंच, मिशा खाली वळलेल्या, आणि शिव्या अशा की ऐकणाऱ्याला आपल्या घराण्याचा नव्यानं परिचय व्हावा. पण थंडीत पोरं पहाऱ्यावरून आली की स्वयंपाक्याला शिव्या घालून चहा आधी त्यांना देववायचा. त्यामुळे पोरं त्याच्यामागून त्याची नक्कल करत आणि त्याच्यासमोर जीव तोडून धावत.

हिवाळा कवायतीत गेला. येर्को धावायला बरा, नेमबाजीला चांगला, बोलायला शून्य. सुटीच्या रविवारी बाकीचे शहरात कबाब खायला, पोरी बघायला जात. येर्को उनाच्या काठावर जाऊन बसे. हिरवंगार, स्वच्छ, घाईघाईनं चाललेलं पाणी. वास मात्र नाही. तो ओंजळीत घेऊन तोंडाला लावी, आणि प्रत्येक वेळी खारट नसल्याचं त्याला नव्यानं वाईट वाटे.

एप्रिल लागला. एका रविवारी त्यानं पोस्टात जाऊन बेटावर फोन लावला. तिकडे पोस्टातल्या बाईनं खिडकीतून हाक मारली, आई धावत आली असावी, कारण बराच वेळ नुसता तिचा श्वासच ऐकू येत होता.

"येर्को, जेवतोस ना?"

"जेवतो. तू बरी आहेस?"

"बरी. येर्को, निक्शाचे कागद आले रे."

येर्कोनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतोयस ना? गुरुवारी निघतायत. स्प्लिटहून सकाळच्या गाडीनं बेलग्रेड, तिथनं विमान. सामान विकलं, बोट विकली. दिन्का रोज येते माझ्याकडे. बोलत नाही आता पहिल्यासारखी." आई थांबली. "तुला रजा नाही का मिळायची?"

सोमवारी तो रजा मागायला कॅप्टनसमोर उभा राहिला. कॅप्टननं मानही वर केली नाही. मंगळवारपासून सगळी पलटण वसंतातल्या मोठ्या युद्धसरावाला डोंगरात निघणार होती. बाप मेला तर रजा. प्रेयसी चालली तर रजा, असं कुठल्या नियमात आहे? येर्कोनं 'प्रेयसी' हा शब्द वापरलाही नव्हता. तो फक्त "शेजारची माणसं" म्हणाला होता.

*

मंगळवारी पहाटे निघाले. पाठीवर घोंगडी, फावडं, डबा, काडतुसं आणि अर्धा तंबू. अर्धा म्हणजे खरोखरच अर्धा: प्रत्येक शिपायाकडे कॅनव्हासचा एकच तुकडा असे, आणि दोघांनी आपापले तुकडे बटणांनी जोडले की एक तंबू. एकट्या माणसाला पावसात भिजण्यावाचून इलाज नाही. येर्कोचा दुसरा अर्धा इल्चोकडे.

वाट चढाची. पाऊस बारीक, पण थांबायचं नाव नाही. ओकच्या रानात मागच्या साली पडलेली पानं घोट्याघोट्यापर्यंत कुजत होती आणि बूट त्यात पचपच रुतत. संध्याकाळी एका उतारावर तंबू ठोकले. मोठ्या कढईत घेवड्याचं पातळ कालवण शिजलं. ते डब्यात पडेपर्यंत त्यात निम्मा पाऊस मिसळला होता, तरी पोरांनी डबे चाटून पुसून साफ केले. रात्रभर कॅनव्हासवर थेंब वाजत होते आणि इल्चो घोरत होता. येर्कोचा डोळा लागला नाही. आता घरी काय चाललं असेल? आता त्यांच्या अंगणातली द्राक्षाची वेल कोण छाटणार? असले प्रश्न. खरा प्रश्न होता त्याच्या आसपास तो फिरत राहिला.

बुधवारी खंदक खणले, बुजवले, पुन्हा खणले. दुपारी वुकोटानं आपल्या तुकडीला झाडाखाली बोलावून नकाशा उघडला. सरावात दोन बाजू होत्या, लाल आणि निळे. ही तुकडी लाल. खाली दरीत उनावर रेल्वेचा लोखंडी पूल होता, तो निळ्यांच्या ताब्यात. लालांनी उजाडायच्या आत रुळांजवळच्या झुडपांत लपायचं, दिवसभर तसंच पडून राहायचं आणि हिरवा बाण आकाशात सुटला की धावत जाऊन पूल घ्यायचा.

"तोपर्यंत," वुकोटा म्हणाला, "तुम्ही माणसं नाही, झुडपं आहात. झुडपं खोकत नाहीत. झुडपं मुतायला उठत नाहीत. एक जरी हललं आणि निळ्यांनी पाहिलं, तर तुकडी मेली. आणि पूल घेतला, तर कॅप्टनचा शब्द आहे, सगळ्यांना घरी जायची रजा."

पोरांच्या तोंडावर तेज आलं. सगळ्यांत जास्त इल्चोच्या. त्याच्या बहिणीचं लग्न पुढच्याच आठवड्यात होतं, आणि मॅसिडोनियात भावाविना बहीण घराबाहेर पडली तर लोक काय म्हणतील हे तो महिनाभर सगळ्यांना ऐकवत होता.

येर्को मात्र नकाशाकडे बघत होता. रुळांची काळी रेघ नदीच्या कडेकडेनं वर चालली होती.

"कॉम्रेड हवालदार," तो म्हणाला, "ही लाइन कुठली?"

"स्प्लिटहून येते. का?"

"काही नाही."

सगळे पांगल्यावर वुकोटानं त्याला मागे बोलावलं. "हं. बोल आता. तू जन्मात पहिल्यांदा प्रश्न विचारलायस, म्हणजे काहीतरी आहे."

येर्कोनं सांगितलं. तीन-चार वाक्यांतच, पण सांगितलं. वुकोटानं विडी ओली झाली होती ती दोनदा पेटवायचा प्रयत्न केला आणि फेकून दिली.

"ती गाडी दुपारी जाते पुलावरून. वेग कमी करते, पूल जुना आहे." तो मिशीला पीळ देत म्हणाला. "तुला पुढे ठेवतो, रुळांच्या अगदी जवळ. बघून घे. डोळ्यांना हुकूम लागत नाही. पण लक्षात ठेव लेशिच, फक्त डोळे."

"हो, कॉम्रेड हवालदार."

"आणि दिसलीच नाही, तर मला दोष देऊ नकोस. गाडीला खिडक्या खूप असतात."

*

गुरुवारी उजाडायच्या आत सगळे आपापल्या जागी आडवे झाले. शिरस्त्राणाच्या जाळीत ओकच्या डहाळ्या खोचलेल्या, पाठीवर नेचे, तोंडाला काजळी फासलेली. येर्कोच्या नाकापासून रुळांखालची खडी हाताच्या अंतरावर. त्याच्या मागे इल्चो, त्याच्या मागे बाकीचे. पाऊस थांबला होता आणि ओल्या जमिनीतून वाफा निघत होत्या. मुंग्या बाहीतून आत शिरल्या. पाय बधिर झाले. सूर्य वर आला, मालगाडी गेली, रुळांवरून धावणाऱ्या छोट्या ट्रॉलीवरून रेल्वेचे दोन कामगार वाद घालत गेले. कुणालाच काही दिसलं नाही. तुकडी खरोखरच छान लपली होती.

मग दुपारी खालच्या वळणावरून शिट्टी आली.

गाडी हळू होत आली. डबे एकेक करून पुढे सरकले आणि येर्को खिडक्या बघत गेला. एक म्हातारी. एक नौसैनिक. बंद खिडकी. पुन्हा बंद. पुलाअलीकडचा सिग्नल पडला नव्हता, पलीकडून काहीतरी यायचं असावं. गाडी करकरली, हिसका देऊन थांबली.

आणि त्याच्या समोरच, जरा उजवीकडे, खिडकीची काच खाली ओढून दिन्का बाहेर बघत होती.

तिनं नवा निळा कोट घातला होता. केस कापले होते. कमरेपर्यंतची वेणी, जी मासे निवडताना ती कमरेला खोचायची, ती गेली होती आणि मान उघडी पडली होती. ती रानाकडे बघत होती, येर्कोच्याच दिशेनं, आणि तिला नुसतं रान दिसत होतं. तिच्या तोंडावर कसलाच भाव नव्हता. इतकी गप्प दिन्का त्यानं कधी पाहिली नव्हती.

येर्को उठला. त्यानं काही ठरवलं वगैरे नव्हतं. पुढे आयुष्यभर त्याला कुणी विचारलं की तो हेच सांगे: मी उठलो नाही, मी बघितलं तर मी उभा होतो.

"खाली हो!" मागून इल्चो दातांतल्या दातांत ओरडला. "ए मासोळ्या, मरतोस का! खाली!"

खिडकीतून दिन्कानं पाहिलं तर एक झुडूप चालत येत होतं आणि त्याला काळं तोंड होतं. तिनं किंकाळी फोडली.

"दिन्का," येर्को म्हणाला. पहाटेपासून गप्प असल्यानं घसा बसला होता. "मी आहे. येर्को."

ती खिडकीबाहेर कमरेपर्यंत वाकली. "येर्को? तू असा काय दिसतोस रे?"

"सराव चाललाय."

"कसला?"

"लपायचा."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं हात खाली केला. त्याच्या शिरस्त्राणातल्या डहाळीपर्यंतच तो पोचला. तिनं एक पान तोडून घेतलं.

"केस कापलेस?" येर्को म्हणाला.

"आई म्हणाली, वाटेत निगा होणार नाही. वाईट दिसतात?"

"नाही. लहान दिसतेस."

"तू वाळलास."

"घेवडा खातोय."

"तुझ्या आईनं मोजे विणलेत. मीच काल स्प्लिटहून पोस्टात टाकले."

"बरं केलंस."

आतून निक्शाकाकांचं डोकं आलं. डोक्यावर चर्चला जातानाची हॅट. "अरे, हा तर आपला येर्को! पोरा, मागे सर रुळांपासून, गाडी सुटेल!"

"सरतो काका," म्हणाला येर्को, आणि आणखी जवळ गेला. काकांनी एकदा त्याच्याकडे, एकदा मुलीकडे पाहिलं, हॅट काढली आणि ते खिडकीतून बाजूला झाले.

"येर्को," दिन्का म्हणाली, "धक्क्यावर म्हणाला होतास, आल्यावर बोलू."

"हो."

"आता आल्यावर कधी? बोल ना."

पलीकडची मालगाडी पुलावरून धडधडत आली आणि शेजारून निघून गेली. ती जाईपर्यंत दोघं नुसते एकमेकांकडे बघत राहिले. मग सिग्नल पडला. डबा हलला. येर्को चालायला लागला, मग भराभर, मग धावायला. नेचे गळून पडले, शिरस्त्राण कानावर आलं. शब्द छातीत आले होते, घशात आले होते. इंजिन पुलावर चढलं आणि सगळी दरी लोखंडाच्या आवाजानं भरून गेली, आणि तेव्हा येर्को लेशिच जन्मात कधी ओरडला नव्हता एवढ्यानं ओरडला.

दिन्कानं कानामागे हात धरला. मान हलवली: ऐकू नाही आलं. मग तीही काहीतरी ओरडली. तेही पुलानं गिळलं.

"थांब! हात वर!" पुलाच्या तोंडाशी निळ्यांचा पहारेकरी बंदूक रोखून उभा होता. येर्कोनं दोन्ही हात वर केले. गाडीतून बघणाऱ्याला वाटलं असेल, दोन्ही हातांनी निरोप देतोय.

शेवटचा डबाही पुलापलीकडच्या बोगद्यात गेला. पहारेकरी, स्लोव्हेनियाचा एक चष्मेवाला पोरगा, येर्कोकडे बघून गोंधळला. "अरे, रडतोस काय?" तो म्हणाला. "खोटं खोटं पकडलंय. खरं नाही."

*

पुढचं लवकर आटोपलं. निळ्यांनी झुडपं विंचरून काढली आणि एकेकाला बाहेर बोलावलं. हिरवा बाण सुटलाच नाही. दंडाला पांढरी पट्टी बांधलेला पंच येऊन तुकडी मेली असं जाहीर करून गेला, आणि मग कॅप्टन आला. त्याच्या शिव्यांना वुकोटाच्या शिव्यांची सर नव्हती, पण आवाज मोठा होता.

"याला पुढे कुणी ठेवला होता?"

"मी, कॉम्रेड कॅप्टन," वुकोटा म्हणाला.

"का?"

"नजर चांगली आहे त्याची."

कॅप्टन त्याच्याकडे बघत राहिला. वुकोटाला त्या वर्षी बढती मिळायची होती, ती मिळाली नाही. त्याबद्दल तो येर्कोला कधी एक शब्द बोलला नाही. येर्कोला बराकीत परतल्यावर कोठडी ठरली, आणि सगळ्या तुकडीची रजा गेली.

संध्याकाळी पुन्हा पाऊस लागला. तुकडीतलं कुणीही येर्कोशी बोलत नव्हतं. तो आपला अर्धा कॅनव्हास हातात घेऊन झाडाखाली उभा राहिला. इल्चोकडे जायची त्याची छाती होईना. इल्चो आपला अर्धा घेऊन चिखलात खुंट्या ठोकत होता, येर्कोकडे पाठ करून. बऱ्याच वेळानं तो वळला.

"आण इकडे," तो म्हणाला. "का माझं भिजून मरण बघायचंय?"

दोघांनी बटणं लावली. आत शिरून आडवे झाले. तंबूत ओल्या लोकरीचा, चिखलाचा, बुटांच्या चरबीचा वास. इल्चो छताकडे बघत होता.

"बहिणीला काय सांगू मी?"

"चूक झाली माझी, इल्चो."

"चूक कसली, सत्यानाश झाला." मग इल्चो कुशीवर वळला. "बरं, निदान विचारलंस ना तिला?"

"पुलावर. ऐकू नाही गेलं."

"पुलावर? आणि गाडी उभी होती तेव्हा? तेव्हा काय करत होतास?"

येर्को घोंगडीची कड ओढत राहिला.

"बोल की!"

"केस... केस कापलेस का म्हणून विचारलं."

इल्चो उठून बसला. "केस?" तो म्हणाला. "माझ्या बहिणीचं लग्न गेलं, अख्ख्या तुकडीची रजा गेली, आणि तू तिथं उभा राहून *केसांची* चौकशी करत होतास?"

"आणि घेवडा."

"घेवडा काय?"

"घेवडा खातो म्हणून सांगितलं."

इल्चोच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. येर्कोला वाटलं, आता मारतोय. पण तो हसत होता. पोट धरून, उशाचा बूट आपटत. शेजारच्या तंबूतून कुणीतरी विचारलं काय झालं, आणि इल्चोनं ओरडून सांगितलं, आणि मग एका तंबूतून दुसऱ्यात अशी ती गोष्ट उतारभर पसरली. अंधार पडेपर्यंत भिजलेल्या त्या रानात कुठून ना कुठून "घेवडा!" असा आवाज येई आणि हशा पिके. येर्कोही हसला. मग तोंड घोंगडीत खुपसून तो बराच वेळ तसाच पडून राहिला, आणि इल्चोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो झोप लागेपर्यंत काढला नाही.

*

लष्करातून सुटून येर्को बेटावर परतला. दिन्काला त्यानं पत्र पाठवलं. पुलावर जे ओरडला होता तेच त्यात, त्याहून फार जास्त नाही. तिचं उत्तर आलं तेही तिच्या मानानं फारच लहान होतं: ये. पण आई बेट सोडायला तयार नव्हती. "तुझ्या बापाला इथल्या पाण्यात ठेवून मी कुठं जाऊ?" म्हणाली. आणि आईला एकटी टाकून जाणं येर्कोला जमलं नाही. दिन्का काही नाताळ थांबली, मग तिथल्याच एका बेकरीवाल्याशी तिनं लग्न केलं. यात कुणाचंच चुकलं नाही. म्हणूनच असेल, कुणावर रागावून मोकळं होण्याची सोय येर्कोला राहिली नाही.

तो फेरीबोटीवर खलाशी म्हणून लागला. बोटीच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या तोन्काशी लग्न केलं, दोन मुली झाल्या, संसार चांगला झाला. तोन्का बोलकी, फटकळ, मायाळू. तिला गाडीची गोष्ट ठाऊक होती. येर्कोच्या आईनंच सांगितली होती.

पण एक गंमत त्याची त्यालाच कळायची नाही. त्या रानात पडल्या पडल्या त्याचा जीव समुद्रासाठी तुटायचा. आणि आता चहूकडे समुद्र असताना त्याला ते रान आठवे. वसंतात पाऊस पडला, डेकवरची ताडपत्री ओली झाली की तो काम टाकून तिच्याजवळ उभा राही.

"काय झालं?" तोन्का विचारी.

"काही नाही. तंबूचा वास आला."

मग देश मोडला. लढाई झाली, मधे सरहद्दी आल्या, उनाकाठची गाडी बंद झाली. रानातली ती पोरं आता कुठल्या कुठल्या बाजूंना गेली असतील, कोण राहिलं असेल, कोण नसेल, ते कळायला मार्ग नव्हता. वुकोटाबद्दल येर्कोनं बऱ्याच जणांकडे चौकशी केली. काही कळलं नाही. लढाई संपून बरीच वर्षं झाल्यावर एका सकाळी फोन वाजला.

"जिवंत आहेस का रे, मासोळ्या?"

येर्को फोन घेऊन खुर्चीवर टेकला. डोळे भरून आले.

"अजून शब्द फुटायला तेवढाच वेळ लागतो तुला," पलीकडून आवाज आला. "नातीचं लग्न आहे. बायकोला घेऊन ये. माझ्या घरचं एक लग्न तुझ्यापायी चुकलंय माझं, हे तरी तुझ्याबरोबर खाऊ दे."

एके काळी ज्या देशात कुठंही उशी टाकून झोपता येत होतं, त्यात आता पासपोर्ट दाखवत दाखवत येर्को आणि तोन्का प्रिलेपला पोचले. इल्चो आणखी बुटका आणि आणखी रुंद झाला होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, ते तिघं त्याच्या अंगणात बसले होते. छपराखाली तंबाखूच्या पानांच्या माळा वाळत होत्या. इल्चोची सून निखाऱ्यावर ढोबळ्या मिरच्या भाजून आणत होती. इल्चोनं ती गोष्ट सुरुवातीपासून सांगितली, हवालदाराच्या मिशांसकट, घेवड्यासकट, आणि तोन्का हसून हसून रुमालानं डोळे पुसत होती.

"खरं सांगा इल्चोभाऊ," ती म्हणाली, "होती कशी दिसायला? यांना विचारलं तर हे सांगत नाहीत. सुंदर होती?"

"मला काय ठाऊक, वहिनी!" इल्चो म्हणाला. "मी पाहिलीच नाही. माझं तोंड गवतात होतं. हुकूम होता."

सगळे पुन्हा हसले. हसणं ओसरल्यावर येर्कोनं वाईनचा ग्लास खाली ठेवला.

"सुंदर होती," तो म्हणाला.

तोन्कानं त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या ताटात आणखी एक भाजलेली मिरची वाढली, तिचं देठ स्वतःच काढून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "असणारच."